शिकविणारीचें शिक्षण

छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या वाटेला लागलें, म्हणजे सुमारें वीस किलोमीटरांवर बिडकीन येतें. पैठण तालुक्यांतील हें गांव. जेथें कापूस आणि बाजरी उभी राहत असे, तेथें आज रुंद रस्ते आंखले गेले आहेत. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं येथील ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचें लोकार्पण झालें. असें क्षेत्र उभारावयाचें म्हणजे पाणी, वीज व रस्ते यांचा हिशेब प्रथम मांडला जातो. कामगार किती लागतील, त्यांच्या अंगीं कोणतें कौशल्य हवें, हेंहि आधीं ठरतें. परंतु त्या कामगारांचीं तीन-चार वर्षांचीं मुलें दिवसभर कोणापाशीं बसतील, आणि जी बाई त्यांना जवळ घेऊन बसेल तिला बालकांविषयीं काय ठाऊक असेल, हा प्रश्न हिशेबाच्या वहींत सहसा शेवटच्या पानावर पडतो. आजच्या भाषणाचा विषय त्या शेवटच्या पानावरचा आहे.

लहान मुलांस शिकविण्यासाठीं फारसें शिकावें लागत नाहीं, अशी एक समजूत आपल्या समाजांत खोल रुजलेली आहे. महाविद्यालयांत शिकवावयाचें तर मोठी पदवी हवी. माध्यमिक शाळेंत शिकवावयाचें तर पदवी व तिजवर अध्यापनाची परीक्षा हवी. प्राथमिक शाळेंत दोन वर्षांची पदविका हवी. याप्रमाणें जिना उतरत उतरत आपण बालवाडीच्या दाराशीं आलों, कीं तेथें प्रेमळ स्वभाव, थोडीं गाणीं आणि मुलांना बसवून ठेवण्याची हातोटी एवढ्यावर भागेल असें मानलें जातें. प्रेमळ स्वभाव हवा, यांत शंका नाहीं. परंतु वैद्य प्रेमळ असला तरी नाडी पाहतां न येणाऱ्या वैद्याकडे कोणी आपलें मूल नेत नाहीं.

एक साधें उदाहरण घेऊं. चार वर्षांचें मूल शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणून दाखवितें; पाहुणे वाहवा करतात, आईबापांना धन्यता वाटते. त्याच मुलापुढें चिंचोक्यांचा ढीग ठेवावा आणि "यांतले सात मला दे" असें म्हणावें. कित्येकदां तें मूल मूठभर चिंचोके उचलून हातावर ठेवतें आणि निर्धास्तपणें तोंडाकडे पाहतें. त्याला येत होती ती शब्दांची माळ. संख्या येत नव्हती. ज्या बाईनें बालशिक्षणाचा अभ्यास केला आहे, ती अशा मुलापुढें सात वाट्या मांडील आणि प्रत्येक वाटींत एकेक चिंचोका टाकावयास सांगेल. मग दोन ढीग करून अधिक कोठें, उणें कोठें, हें विचारील. वस्तु आणि शब्द यांची गांठ पडल्यावर मग पाटीवरचा आंकडा येईल. जिनें हा अभ्यास केलेला नाहीं, ती त्या मुलाकडून एकशें एक ते दोनशें पाठ करून घेईल, आणि त्यालाच प्रगति म्हणेल.

पेन्सिलीचीहि तीच कथा. मूल मातीचे गोळे करतें, मणी ओवतें, पान फाडतें, वाळूंत बोट फिरवितें, तेव्हां त्याच्या बोटांचे व मनगटाचे स्नायु लेखणी धरण्याच्या तयारीला लागलेले असतात. हें ज्या शिक्षिकेला ठाऊक आहे, तिला तो अर्धा तास अभ्यासाचाच वाटतो. जिला ठाऊक नाहीं, तिला तो वेळ फुकट गेला असें वाटतें आणि ती तीन वर्षांच्या हातांत पेन्सिल देऊन रेघा भरून घेते. हा दोष खेड्यांतल्या अंगणवाडीपुरताच आहे, असें मात्र श्रोत्यांनीं समजूं नये. शहरांतील मोठ्या फीच्या शिशुवर्गांतून घरचा अभ्यास म्हणून पाने भरून आणण्याची जी सक्ति होते, तिच्या मुळाशीं पुष्कळदां शिक्षिकेचें हेंच अज्ञान असतें. आणि त्या अज्ञानाला सुशिक्षित पालकांच्या घाईचें पाठबळ असतें.

या विद्येचा आधुनिक इतिहास फार जुना नाहीं. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सॅन लोरेंझो नांवाच्या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तीं मुलें मजुरांचीं होतीं. आईबाप कामावर गेले म्हणजे तीं जिन्यांतून हिंडत आणि भिंती खराब करीत. त्यांना एका खोलींत जमवावें, ही कल्पना प्रथम इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्यांना सुचली. त्या खोलींत मदतनीस म्हणून जी बाई मिळाली, ती शिक्षणशास्त्र शिकून आलेली नव्हती. मुलांना हुकूम न सोडतां त्यांच्याकडे पाहावें कसें, हें तिला तेथेंच, मुलांच्या सान्निध्यांत शिकावें लागलें. बिडकीनसारख्या गांवाच्या दृष्टीनें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जगभर नांवाजलेल्या या प्रयोगाचा जन्म कामगारांच्या चाळींत झाला.

आपल्याकडे १९२० सालीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं दक्षिणामूर्ति संस्थेचें बालमंदिर सुरू केलें. गिजुभाई मूळचे वकील; परंतु स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करतां करतां त्यांनीं वकिली सोडली. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख. असें मानाचें व स्थिर पद सोडून त्या अडीच-तीन वर्षांच्या बालकांत येऊन बसल्या, याचें त्या काळीं अनेकांना नवल वाटलें असेल. १९२६ सालीं या दोघांनीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. बालमंदिरें काढण्याबरोबर त्यांत शिकविणारीं माणसें तयार करणें, आणि 'शिक्षणपत्रिका' चालवून पालकांना व शिक्षकांना विचार पुरविणें, हीं कामें संघानें आरंभापासून आपलीं मानलीं. पुढें १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईंत दादर येथें शिशुविहार सुरू केला. त्याच्या जोडीला अध्यापन मंदिरहि उभें राहिलें.

एवढें झालें तरी ताराबाईंच्या मनाला एक बोंचणी लागून राहिली होती. हें सर्व शहरांतल्या, मध्यम वर्गाच्या मुलांपुरतेंच होत होतें. महागडीं लाकडी साधनें, ठराविक खोल्या, फी देणारे पालक, हें खेड्यांत कोठून आणावयाचें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं १९४५ सालीं त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या आणि तेथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालें. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांच्या कामांत सामील झाल्या. पुढें दहा-अकरा वर्षांनीं हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या अगदीं मध्यभागीं नेण्यांत आलें.

बोर्डी-कोसबाडला जें घडलें तें शिकविणाऱ्यांच्या शिक्षणाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. पाड्यांवरचीं मुलें बालवाडीकडे येईनात. तेव्हां बालवाडीच मुलांकडे गेली. झोपडीच्या अंगणांत, झाडाखालीं, जेथें मुलें होतीं तेथेंच खेळ मांडला गेला. आज घराघरांत रूढ झालेल्या 'अंगणवाडी' या कल्पनेचें मूळ तेथें आहे. मोठ्या बहिणी शाळेंत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटें भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणून विकासवाडीची रचना झाली. मुलें दिवसा गुरें राखीत. त्यांच्यासाठीं कुरणांत शाळा भरूं लागली. लाकडी साधनांच्या जागीं शिंपले, बिया, खडे, काटक्या आणि पानें आलीं. स्वच्छतेचा पाठ फळ्यावर न लिहितां मुलांना आंघोळ घालून, केंस विंचरून दिला गेला.

यांतील एकहि गोष्ट ताराबाईंना कोणत्या पुस्तकांत तयार मिळाली नव्हती. माँटेसरींची पद्धति त्यांना चांगली अवगत होती; परंतु ती पाड्यावर जशीच्या तशी चालत नाहीं, हें दिसतांच त्यांनीं ती सोडली नाहीं आणि पाड्यालाहि दोष दिला नाहीं. पद्धतीचें तत्त्व कोणतें आणि तिचें बाह्य रूप कोणतें, हें त्यांनीं निवडून काढलें. तत्त्व ठेवलें, रूप बदललें. हें निवडण्याचें सामर्थ्य शिक्षिकेच्या अंगीं येणें, याचेंच नांव तिचें खरें शिक्षण. ज्या प्रशिक्षणांत केवळ "असें करा, तसें करा" अशी यादी मिळते, त्यांतून हें सामर्थ्य येत नाहीं. कारण यादी संपते तेथून पुढें मूल सुरू होतें.

अनुताईंचें स्वतःचें चरित्र तर या विषयावरचा एक वस्तुपाठच आहे. १९१० सालीं पुणें जिल्ह्यांतील मोरगांव येथें त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं लग्न झालें आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आलें. त्या काळच्या रूढीप्रमाणें तेथेंच त्यांच्या आयुष्याचा शेवट मानला गेला असता. परंतु त्या शिकल्या, अध्यापनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षिका झाल्या. पुण्यांत दिवसा हुजूरपागेंत शिकवीत असतां त्यांनीं १९३७ सालीं मॅट्रिकची परीक्षा दिली. बोर्डीला आल्यावर बालशिक्षणाचे धडे पुन्हां पहिल्यापासून गिरविले. आणि १९६१ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, त्या पदवीधर झाल्या. तोंवर त्यांच्या हाताखालीं कितीतरी बालवाडी-शिक्षिका तयार झालेल्या होत्या. पदवीवांचून त्यांचें कांहीं अडलेलें नव्हतें. तरी त्या परीक्षेला बसल्या. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ सालीं पद्मश्री, असे सन्मान सरकारनें दिले. परंतु स्वतः शिकत राहण्याची जी परंपरा या दोघींनीं घालून दिली, तिचा सन्मान अद्याप पुरतेपणीं झालेला नाहीं.

सरकारी विचारांतहि हा प्रश्न नवा नाहीं. १९४४ च्या सार्जंट योजनेंत तीन ते सहा वर्षांच्या दहा लक्ष बालकांसाठीं विनामूल्य शिशुशाळांची तरतूद सुचविलेली होती, आणि तेथें विशेष शिक्षण घेतलेल्या स्त्रियाच शिक्षिका असाव्यात असें म्हटलेलें होतें. त्या काळीं बिडकीन निजामाच्या राज्यांत होतें. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्यांतील मराठी मुलाला स्वतःच्या भाषेंत शिकण्यासाठीं पुष्कळदां लोकांनीं काढलेल्या मोजक्या शाळांवर विसंबून राहावें लागे. शिशुशाळा ही तर दूरचीच गोष्ट. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ विभागांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि कालांतरानें गांवोगांवीं अंगणवाडी आली.

या योजनेनें मोठें काम केलें, हें कृतज्ञतापूर्वक म्हटलें पाहिजे. परंतु तिनें अंगणवाडी सेविकेच्या माथ्यावर सहा सेवांचा भार ठेवला: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी बालकास दवाखान्यांत पाठविणें, मातांना आहार-आरोग्याचें ज्ञान देणें, आणि शाळापूर्व शिक्षण. यांपैकीं पांच कामांचा हिशेब कागदावर मागितला जातो. वजन किती भरलें, आहार किती वाटला, हें वहींत लिहितां येतें. आतां तें मोबाईलवरहि भरावें लागतें. सहावें काम, म्हणजे मुलाशीं बोलणें, त्याला गोष्ट सांगणें, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणें, हें रकान्यांत मावत नाहीं; म्हणून दिवसाच्या धांवपळींत तेंच मागें पडतें. प्राथमिक शिक्षकाची पदविका दोन वर्षांची असतां, सेविकेचें आरंभींचें प्रशिक्षण पुष्कळ काळ अवघ्या २६ कामकाजाच्या दिवसांचें होतें, आणि त्या २६ दिवसांतच या साऱ्या सेवा शिकावयाच्या असत.

अलीकडे या बाबतींत पाऊल पुढें पडलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें शिक्षणाचा पाया मानलीं. बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा, आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम द्यावा असें ठरविलें. हा अभ्यास दूरचित्रवाणीच्या व मोबाईलच्या साहाय्यानें, काम न सोडतां करावा, अशी योजना आहे. २०२३ सालीं केंद्र सरकारनें 'पोषण भी, पढाई भी' हा उपक्रम सुरू केला, आणि पोषणाच्या जोडीला शिक्षण हेंहि अंगणवाडीचें मुख्य काम होय हें नांवांतूनच सांगितलें.

परंतु काम न सोडतां अभ्यास करावयाचा, म्हणजे तो नेमका केव्हां करावयाचा, हा प्रश्न उरतोच. सेविकेचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. सकाळीं घरचा स्वयंपाक, मग केंद्र उघडणें, मुलें गोळा करणें, आहार, नोंदी, दुपारनंतर गृहभेटी. संध्याकाळीं पुन्हां घरचें काम. रात्रीं दहा वाजतां मोबाईलच्या लहानशा पडद्यावर बालमानसशास्त्राचा पाठ ऐकण्याची अपेक्षा तिच्याकडून केली जाते. आणि हें सर्व करणारीला मिळतें तें वेतन नव्हे, मानधन. डिसेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीपर्यंत तो संप चालला. त्यामागें हीच व्यथा होती. त्याआधीं, २५ एप्रिल २०२२ रोजीं, या स्त्रिया उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला होता. जिच्याकडून शिक्षिकेचें काम घ्यावयाचें, तिला शिक्षिका म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न अशा रीतीनें न्यायालयापर्यंत आणि रस्त्यापर्यंत जाऊन आला आहे. तो सुटल्यावांचून केवळ अभ्यासक्रमाची लांबी वाढवून कांहीं साधणार नाहीं. नवी जबाबदारी शिकविली, पण तिला वेळ, वेतन आणि मान मिळाला नाहीं, तर शिक्षण हें आणखी एक ओझें होऊन बसतें.

मग कसें शिक्षण तिच्या उपयोगी पडेल? बोर्डीचा अनुभव येथें वाट दाखवितो. पहिली गोष्ट, शिकणें मुलांच्या देखत व्हावें. सभागृहांत तीन दिवस व्याख्यानें ऐकण्यापेक्षां, शेजारच्या गांवच्या अनुभवी सेविकेच्या अंगणांत एक सकाळ गप्प बसून पाहणें अधिक शिकवितें. दुसरी गोष्ट, तें थांबून थांबून, पण वर्षानुवर्षें चालावें. महिन्याची सभा आजहि भरते. परंतु तींत नोंदींची तपासणीच बहुतेक वेळ खाते. त्या सभेंतला एक तास जरी प्रत्येकीनें आपल्याकडच्या एका मुलाविषयीं बोलण्यासाठीं राखून ठेवला, तरी ती सभा अध्यापन मंदिर होईल. "माझ्याकडे एक मुलगी महिनाभर बोलतच नाहीं, काय करूं?" असा प्रश्न एकीनें विचारावा आणि दहा जणींनीं आपला अनुभव सांगावा. शास्त्र जाणणाऱ्या पर्यवेक्षिकेनें शेवटीं चार शब्द बोलावेत. असे तास वर्षाकाठीं बारा होतात, आणि दहा वर्षांत त्यांचें एक विद्यापीठ होतें.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठवाड्याच्या एका अंगणांत मराठी, दखनी उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी शेजारीं शेजारीं बसलेल्या आढळतात. कारखान्यांबरोबर परप्रांतींच्या भाषा येतील त्या निराळ्याच. जें मूल घरीं बोलतें तें केंद्रांत आल्यावर मुकें झालें, तर त्याला बुद्धि कमी आहे असा शेरा बसतो. मुलाचा घरचा शब्द आधीं आपण उच्चारावा, मग त्याला आपला शब्द द्यावा, हें कौशल्य शिक्षिकेला शिकवावें लागतें. तें आपोआप येत नाहीं. चौथी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचें मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतें, तेव्हां त्याला मागें पडलेलें न मानतां वर्गांत मिसळून कसें घ्यावें, याचाहि अभ्यास झाला पाहिजे. हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणें येत नाहींत. त्यांचीं उत्तरें तेथल्याच शिक्षिकांनीं, तेथेंच शोधून, लिहून ठेवलीं पाहिजेत.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल कीं, या साऱ्यांत आपला संबंध काय? संबंध दुहेरी आहे. आपल्या नातवाच्या किंवा मुलीच्या शिशुवर्गाची निवड करतांना इमारत, गणवेश आणि इंग्रजी कविता यांची चौकशी होते. तेथल्या बाईंनीं बालशिक्षणाचा कोणता अभ्यास केला आहे, आणि संस्था त्यांना पुढें शिकण्यासाठीं वर्षांतून किती दिवस मोकळे देते, हें फार थोडे पालक विचारतात. हा प्रश्न दहा पालकांनीं विचारला, तर अकराव्या वर्षीं संस्था आपणहून उत्तर तयार ठेवील. दुसरा संबंध असा कीं, बालशिक्षणाला आपण जी किंमत देऊं, तीच समाजाची किंमत ठरते. घरीं येणाऱ्या पाहुण्याला "आमची सून महाविद्यालयांत शिकविते" हें सांगतांना जो अभिमान असतो, तोच "आमची सून बालवाडींत शिकविते" हें सांगतांना आवाजांत आला, कीं अर्धें काम झालें.

बिडकीनच्या माळावर यंत्रें बसतील. तीं चालविणाऱ्या माणसांना प्रत्येक नव्या यंत्राबरोबर नवें प्रशिक्षण मिळेल. कारण न शिकलेल्या हातीं यंत्र दिलें तर तें मोडतें, आणि मोडलें तर नुकसान त्याच दिवशीं दिसतें. बालकाचें नुकसान त्या दिवशीं दिसत नाहीं. तें दहा वर्षांनीं दिसतें. कोणी शाळा सोडतें, कोणी शाळेंत बसूनहि वाचूं शकत नाहीं. आणि तोंवर पहिल्या अंगणांत काय घडलें, हें सगळे विसरलेले असतात. ज्या गांवानें कारखान्यांना आपली जमीन दिली, त्या गांवानें त्या बदल्यांत एवढें मागितलें, कीं आमच्या मुलांच्या अंगणांत बसणारी बाई शिकलेली असावी, आणि तिला शिकत राहण्यास वेळ व पुरेसें वेतन असावें, तर ती मागणी अवाजवी म्हणतां येणार नाहीं. ती पुरी करण्यासाठीं नवा शोध लागावयास नको. कोसबाडच्या टेकडीवर तो पूर्वींच लागलेला आहे.